पूजेसाठी बंद

जूनच्या सव्वीस तारखेला, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी फोन आला तेव्हा कल्लाप्पा मगदूम दूध संघाच्या कारखान्यात पंपाखाली उताणा पडून नट आवळत होता. फोन खिशात वाजत राहिला. त्याने आधी नट पुरा आवळला, मग हात पुसले, मग फोन काढला. तोवर चारदा वाजून गेला होता.

फोन बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून होता. त्याची बायको गौरव्वा तिथे बेदाणा निवडणाऱ्या बायकांवर मुकादम होती. तिचा धाकटा भाऊ बसवराज तिथेच मशीनरूममध्ये ऑपरेटर होता.

"अण्णा, इकडं जरा गॅस सुटलाय. वहिनींना दवाखान्यात न्हेलंय."

"जरा म्हंजे किती?"

"तुमी या," म्हणून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला.

कल्लाप्पा चौतीस वर्षं अमोनियाच्या कॉम्प्रेसरवर फिटर होता. जरा गॅस सुटला तर माणूस डोळे चोळत बाहेर पळतो. दवाखान्यात न्यावं लागतं ते जरा नसतं. संघाच्या टँकरवाल्याने त्याला तासगावच्या रस्त्याने नेलं. वाटेत टँकरवाला सारखा म्हणत होता, "काय नसतंय अण्णा, सलाइन लावलं असंल."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला बाकावर बसायला सांगितलं. तो बसला नाही. उभ्यानेच ऐकलं. मग तिला बघितलं. लुगड्याला वास होता. नर्सने नाकाला रुमाल लावला होता. कल्लाप्पाने लावला नाही. रोज संध्याकाळी तो हाच वास अंगावर घेऊन घरी जायचा आणि ती म्हणायची, आधी न्हाणीत जावा, मग बोला.

घडलं ते असं. गौरव्वा भावाचा डबा घेऊन मशीनरूममध्ये गेली. डबा टेबलावर ठेवत होती तेवढ्यात दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचं सील फुटलं. तेल आणि गॅस एकदम बाहेर आला. दार तिच्यापासून बारा पावलांवर होतं.

"बसू कुटं होता?" कल्लाप्पाने कोल्ड स्टोरेजच्या माणसाला विचारलं.

"बाहेर. नळावर हात धूत होता."

त्यापुढचं त्याला काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी माती झाली. त्यांच्यात पुरतात. सगळे एकेक मूठ माती टाकत होते. बसवराज पुढे आला. अडतीस वर्षांचा बाप्या, डोळे सुजलेले, गॅसने की रडून ते कळत नव्हतं. त्याने मूठ भरली.

"तू न्हाय," कल्लाप्पा म्हणाला.

"दाजी..."

"ती आत, तू बाहेर. तू न्हाय टाकायची."

कुणी मध्ये पडलं नाही. बसवराज मूठ तशीच धरून मागे सरला. नऊ वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. तेव्हा गौरव्वाने त्याला आपल्या घरी आणलं. नवराबायकोला मूल नव्हतं. शाळा, आयटीआय, लग्न, सगळं कल्लाप्पाच्या घरून झालं होतं.

*

वैद्य चार वर्षांपूर्वी आला होता. त्या यंत्रणेचं खरं नाव लांबलचक होतं. कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं वैद्य केलं, कारण तो नाडी बघायचा. प्रत्येक यंत्राच्या अंगावर काडेपेटीएवढे चार-पाच सेन्सर चिकटवलेले. यंत्र थरथरतंय किती, तापलंय किती, वीज किती ओढतंय, हे तो सेकंदाला हजारो वेळा टिपायचा. बेअरिंग बिघडायला लागलं की माणसाच्या कानाला कळायच्या दीड महिना आधी त्याला कळायचं. ते खोटं नव्हतं. कल्लाप्पाने दोनदा मुद्दाम बेअरिंग उघडून बघितलं होतं आणि दोन्ही वेळा वैद्य बरोबर निघाला होता.

पण यंत्रातला प्रत्येक भाग थरथरून आपलं दुखणं सांगत नाही. सील सांगत नाही. कॉम्प्रेसरचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे दोन चकत्या असतात. एक लोखंडाची, शाफ्टबरोबर फिरणारी. एक कार्बनची, जागेवर थांबलेली. दोन्ही आरशासारख्या सपाट, एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये तेलाचा पडदा. त्या पडद्यावर सगळा गॅस अडलेला असतो. चकतीवर बारीक चरा पडला की तेलाचे थेंब वाढतात, आणि कुणी लक्ष दिलं नाही तर एक दिवस कार्बन तडकतो. यंत्राच्या एवढ्या धडधडाटात तो चरा सेन्सरला दिसत नाही.

म्हणून सीलसाठी वैद्य नाडी सोडून नोंदी बघायचा. राज्यभरातले बाराशे कॉम्प्रेसर त्याला जोडलेले होते. दूध, बेदाणा, मासळी, बर्फ, लशी. कुठलं सील किती तास चालून गेलं, कुठलं अजून न बदलता चालू आहे, हे सगळं वाचून त्याने एक हिशेब बसवला होता. कारखान्याचं पुस्तक म्हणत होतं, सील दोन वर्षांनी बदला. वैद्य म्हणाला, नोंदी बघता साडेसहा वर्षं सहज टिकतं. विनाकारण उघडाल तर उलट बिघडवाल. हेही बऱ्याचदा खरं असतं. सगळ्या मालकांनी वैद्याचं ऐकलं. प्रत्येक सीलपुढे पडद्यावर एक आकडा दिसायला लागला. शिल्लक आयुष्य, इतके महिने.

अपघाताच्या दिवशी कोल्ड स्टोरेजच्या दोन नंबरपुढे आकडा होता एकतीस.

चौकशी झाली. बसवराजने वैद्याशी केलेलं बोलणं वाचून दाखवण्यात आलं. त्याने आधीच्या पंधरवड्यात तीनदा विचारलं होतं. सीलातून मिनिटाला सहा थेंब पडतायत. मग आठ. मग अकरा. तिन्ही वेळा उत्तर आलं होतं, नोंद घेतली, शिल्लक आयुष्य एकतीस महिने, यंत्र चालू ठेवण्यास हरकत नाही. शेवटी बारीक अक्षरात ओळ होती, अंतिम निर्णय ऑपरेटरचा. त्या ओळीवर सगळं थांबलं. थेंब वाढलेले दिसत असून ऑपरेटरने यंत्र बंद केलं नाही, आणि अपघाताच्या वेळी तो जागेवर नव्हता. बसवराज कामावरून गेला आणि त्याच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा खटला उभा राहिला.

कल्लाप्पा चौकशीत मागच्या खुर्चीवर बसून होता. बसवराजला शेवटी विचारलं, "दुसऱ्या कुणा जाणकाराला विचारलं होतंत का?"

बसवराज म्हणाला, "न्हाई साहेब."

ते खोटं आहे हे कल्लाप्पाला माहीत होतं. कारण बसवराजने विचारलं होतं. त्यालाच. अपघाताच्या दहा दिवस आधी फोन आला होता. दाजी, थेंब वाढल्यात, वैद्य म्हणतोय चालतंय, तुमी काय म्हणता? वैद्य नवा आला तेव्हा याच बसवराजने घरी जेवताना चेष्टा केली होती, दाजी, आता तुमचा कान आणि स्क्रूड्रायव्हर म्युझियममधे ठेवा. यंत्राला स्क्रूड्रायव्हर टेकवून कानाने दुखणं ओळखायचं ही कल्लाप्पाची जुनी रीत होती; ती चेष्टा त्याच्या मनात राहिली होती. तो म्हणाला होता, "मला काय इचारतोस? तुझ्या वैद्याला इचार की." आणि फोन ठेवला होता.

*

सप्टेंबरात वैद्य बनवणाऱ्या कंपनीची एक बाई संघात आली. कीर्ती सबनीस. पस्तिशीची, पायात सेफ्टी शूज, पाठीवर सॅक. अपघातानंतर कंपनीने आपला हिशेब पुन्हा तपासायला घेतला होता आणि ती ज्या नोंदींवर तो हिशेब उभा होता ती यंत्रं बघत फिरत होती. कल्लाप्पाची बायको त्याच अपघातात गेली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅनेजर इनामदारसाहेब स्वतः तिला कॉम्प्रेसर हॉलमध्ये घेऊन आले. बरोबर कल्लाप्पा, आणि इलेक्ट्रिशियन ताहीर शिकलगार.

"हे तुमचं दोन नंबर," ती यंत्रावर हात ठेवून म्हणाली. "आमच्या वर्गातला पहिला नंबर आहे हा. अकरा वर्षं, एकच सील. सील न बदललेली अशी सगळी मिळून छत्तीस यंत्रं आहेत, पण याच्याइतकं कुणीच टिकलेलं नाही. काय खायला घालता याला?"

"निगा!" इनामदार म्हणाले. "आमच्या मगदूमअण्णांची निगा."

"पण निगेची नोंदच नाही, तीच तर गंमत आहे. स्टोअरमधून एकही सील उचललेलं नाही. दुरुस्ती शून्य." तिने हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. "वर्षातून एक दिवस बंद, बस. दर वर्षी ऑक्टोबरच्या आसपास. 'पूजेसाठी बंद'. म्हणजे सुट्टीच."

"खंडेनवमी," ताहीर म्हणाला. "मॅडम, त्या दिवशी एकेक मशीन थांबवून पूजा असती. आमी हार घालतो, नारळ फोडतो, पेढे खातो. अण्णांचं येगळं असतंय. दोन नंबरच्या खोलीला आतनं कडी लावून चार-पाच तास बसत्यात. एवढा भक्त सबंध जिल्ह्यात न्हाई!"

सगळे हसले. कीर्तीही हसली. कल्लाप्पाने हातातला पाना हळूच टेबलावर ठेवला.

बारा वर्षांपूर्वी त्याने रीतसर सील मागितलं होतं. त्यासाठी बिघाडाचा अहवाल भरावा लागला. अहवाल वर गेला, वरून मेमो आला, बिघाड का झाला याचा खुलासा करा. सील यायला तीन आठवडे लागले. तोवर थेंब मोजत त्याने दिवस काढले. पुढच्या वर्षी त्याने मागितलंच नाही. खंडेनवमीला यंत्र थांबलेलं असतं आणि त्या एकाच दिवशी कधी चालू करता म्हणून कुणी घड्याळ दाखवत नाही. त्याने कडी लावली, यंत्रातला गॅस टाकीत उतरवला, जुनं सील काढलं, जाड काचेच्या तुकड्यावर घासायची बारीक पेस्ट घेऊन दोन्ही चकत्या आठाच्या आकड्यात फिरवत घासल्या, आरसा झाला तेव्हा धुतल्या, तेल लावलं, परत बसवल्या. मग दार उघडून हार घातला. वहीत लिहिलं, पूजेसाठी बंद. पहिल्या वर्षी मेमोच्या भीतीने कुणाला सांगितलं नाही. पुढे त्याला त्याचा अभिमान वाटायला लागला. अकरा वर्षं त्याचं यंत्र मोडलं नव्हतं आणि का मोडलं नाही ते फक्त त्याला माहीत होतं.

बसवराजलाही दाखवलं नव्हतं. गौरव्वालाही सांगितलं नव्हतं.

आता ती बाई सांगत होती की वैद्य याच यंत्राकडे बघून शिकला. दर वर्षी कल्लाप्पाने ज्या सीलाला नवा जन्म दिला, ते सील वैद्याने कधी आजारीच पडलं नाही असं धरलं. आणि तेवढं आयुष्य राज्यातल्या बाकी सगळ्या सीलांना वाटून दिलं. जिथे कुणी कडी लावून बसत नव्हतं, त्यांनाही. कोल्ड स्टोरेजच्या त्या एकतीस महिन्यांत त्याच्या काचेवरचे किती होते?

"काका, तुम्हाला काही म्हणायचंय?" कीर्तीने विचारलं.

"न्हाई," कल्लाप्पा म्हणाला.

*

त्यानंतर तो जागेवर ठरेना. बसमध्ये बसला की दोन स्टॉप आधी उतरायचा आणि चालायचा. घरी गेला की पाणी पिऊन परत बाहेर. भात लावायचा आणि गॅस बंद करायला विसरायचा. कामावर एकच नट तीनदा तपासायचा. बाराशे यंत्रं. कुठे तरी आत्ता या क्षणी थेंब वाढत असतील, कुठे तरी कुणी पडद्यावरचा आकडा बघून डबा खायला बसला असेल. सांगितलं तर बसू सुटेल. सांगितलं तर गौरव्वाला आपण मारलं हे आपल्याच तोंडाने म्हणावं लागेल. चालता चालता तो या दोन्हींपाशी जाऊन परत फिरायचा.

एका रविवारी तो बसवराजच्या दारात जाऊन उभा राहिला. माती झाल्यापासून पहिल्यांदा. बसवराज ओट्यावर बसून कुणाचा तरी मिक्सर उघडत होता. आजूबाजूला आणखी चार मिक्सर, एक पंखा. नोकरी गेल्यापासून गल्लीतली यंत्रं त्याच्याकडे यायची.

"या दाजी." तो उठून उभा राहिला. "बसा. चा ठेवायला सांगतो."

"नको."

कल्लाप्पा ओट्याच्या कडेला टेकला.

"दाजी, तुमी म्हणला ते खरं हाय," बसवराज म्हणाला. "मी बाहेर होतो. हात तेलकट होता. साबण संपलावता, म्हणून मातीनं घासत बसलो. न्हाईतर अर्ध्या मिनिटात आत आलो असतो. अक्काला तिथं थांबावं लागलं नसतं."

"आत असतास तर तू पण गेला असतास."

"बरं झालं असतं."

"गप." कल्लाप्पा म्हणाला. "तू चौकशीत फोनचं का सांगितलं न्हाईस?"

"कसला फोन?"

"बसू."

बसवराजने पेचकस खाली ठेवला. "तुमी अक्काचं माणूस. तुमचं नाव त्या कागदावर कशाला पायजे? एक मी हाय की तिथं."

कल्लाप्पाला सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण शब्द निघाला तो वेगळाच. "तारीख कधी हाय?"

"बावीसला."

"बरं," म्हणून तो निघाला. कोपऱ्यावर येऊन थांबला, परत दोन पावलं आला, परत वळला. चहाच्या टपरीवरच्या माणसाने विचारलं, "अण्णा, काय हरवलं का?"

*

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याने कीर्ती सबनीसला फोन केला. "उद्या या. दहा वाजता. पूजा बघायला."

"काका, मी पुण्यात आहे. पूजेला?"

"तुमच्या पयल्या नंबरची पूजा हाय. या."

ती आली. हॉलमध्ये झेंडूच्या माळा, रांगोळी, अगरबत्त्या. पाने-हातोड्या धुऊन ओळीने मांडलेल्या. इनामदार नवा सदरा घालून नारळ हातात घेऊन उभे होते. कल्लाप्पाने दोन नंबर थांबवला, गॅस उतरवला आणि खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. मग लॉकरमधून पोतं आणलं. पोत्यातून काच काढली, डबी काढली, पाने काढले.

"अण्णा, आज कडी न्हाई?" ताहीर म्हणाला.

"आज न्हाई. सगळी आत या. ताहीर, तो टॅब घे. मी सांगतो ते लिहून घे."

त्याने सील काढलं. कार्बनची चकती कीर्तीच्या तळहातावर ठेवली आणि टॉर्च तिरका धरला. चकतीवर गोल गोल बारीक चरे होते, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखे.

"हे एका वर्षाचं," तो म्हणाला.

कीर्ती चकतीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. मग काचेकडे. तिला सांगावं लागलं नाही. ती तिथेच स्टुलावर बसली.

"दर वर्षी?" तिने विचारलं.

"अकरा वर्षं. एकबी नवमी चुकली न्हाई."

"म्हणजे हे सील अकरा वर्षांचं नाही. एकेका वर्षाचं आहे. अकरा वेळा." तिने चकती उलटून बघितली. "काका, आम्ही याला कधी न मोडणारं म्हणून धरलं. सगळ्यांचा आकडा यानेच वर ओढला."

"व्हय. ते कळलं तवापासनं मी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "कोल्ड स्टोरेजमधी जी बाई गेली, ती माझी बायको. तिथला ऑपरेटर माझा मेव्हणा. त्यानं मला फोन करून इचारलंवतं. मी सांगितलं, वैद्याला इचार. हे सगळं लिही ताहीर."

ताहीरचं बोट पडद्यावर थांबलं होतं. तोही आता हसत नव्हता.

इनामदारांनी नारळ खाली ठेवला आणि कल्लाप्पाला खांद्याला धरून बाजूला नेलं. "अण्णा, सात महिने राहिलेत तुमचे. दुःखात आहात, मला कळतंय. पण हे लिहून झालं की बिनपरवाना दुरुस्ती, खोटी नोंद, संघाचं नाव. शांतपणे निवृत्त व्हा. या बाईंना तोंडी सांगितलंत, पुरे झालं."

"साहेब, तोंडी सांगितलेलं वैद्याला दिसत न्हाई. त्याला लिहिलेलंच दिसतंय. न लिहिल्यानंच हे झालंय." तो परत फिरला. "ताहीर, काय लिहिलंस वाच."

ताहीरने वाचलं. "दोन नंबर, पूजेसाठी बंद."

"खोड ते. लिही, सील काढलं, चरे होते, घासून बसवलं. खाली माझं नाव."

मग तो काचेसमोर मांडी घालून बसला आणि सगळ्यांच्या देखत चकती आठाच्या आकड्यात फिरवू लागला. हार घालायचा राहून गेला होता तो दुपारी कुणीतरी घातला.

*

आठ दिवसांत कल्लाप्पा निलंबित झाला. कीर्तीने त्याची अकरा वर्षं हिशेबात घातली आणि वैद्याने सगळ्या सीलांचे आकडे खाली आणले. पण नेमके किती खाली, ते त्यालाही ठरवता येत नव्हतं. कारण 'पूजेसाठी बंद' ही नोंद साडेसहाशे यंत्रांच्या वहीत होती. कुठे त्या दिवशी खरंच फक्त हार घातला होता, कुठे कुणी कडी लावून बसला होता. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसत होतं. हे फक्त त्या त्या फिटरला विचारून कळणार होतं. आणि ज्यांची सीलं दोन वर्षांवर गेली होती अशी दोनशे सत्तर यंत्रं आधी उघडायला हवी होती. सगळी एकदम थांबवायला मालक तयार नव्हते, माल सडला असता. नवी सीलंही तेवढी मिळत नव्हती. काचेवर घासणारी माणसं मात्र थोडीफार होती.

"काका, तुम्ही याल?" कीर्तीने विचारलं. "माझ्याशी ही माणसं बोलत नाहीत. मी गेले की ते ऑडिट आलं म्हणतात."

कल्लाप्पा काच पोत्यात गुंडाळून तिच्या गाडीत बसला. निलंबनाने तेवढा वेळ दिला होता.

रत्नागिरीकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात सुर्वे नावाचा फिटर भेटला. पांढऱ्या मिशा, तोंडात सुपारी. कीर्तीने विचारल्यावर म्हणाला, "पूजेला काय करणार? पूजाच करतो. तुमच्याकडे काय वेगळं करतात?"

"मॅडम, तुमी जरा भायेर थांबा," कल्लाप्पा म्हणाला. ती गेली. त्याने पोतं सोडलं आणि काच सुर्वेसमोर ठेवली. "मी हे करत होतो. अकरा वर्षं. कुणाला सांगितलं न्हाई. त्यानं माझी बायको गेली."

सुर्वेने सुपारी थुंकली. मग उठून कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच होती, त्याच्यापेक्षा मोठी.

"दहा वर्षं," सुर्वे म्हणाला. "साहेबाला कळलं तर मला घरी पाठवतील हो."

"मला पाठवलंय," कल्लाप्पा म्हणाला. "लिहा."

सुर्वेने लिहिलं. पुढच्या ठिकाणचा फिटर म्हणाला, मी फक्त हार घालतो, आणि तेही खरं निघालं. तिथलं सील उघडलं तर कार्बनला केसाएवढी तड होती. पडद्यावरचा जुना आकडा होता चोवीस महिने. कल्लाप्पाने ती चकती हातात घेतली आणि तिथेच फरशीवर बसला.

*

बसवराजला त्याने डिसेंबरात सांगितलं. कीर्तीचा अहवाल न्यायालयात दाखल झाला होता, वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या होत्या, पण त्याला स्वतः सांगायचं होतं. ओट्यावरच. मिक्सर आता सात होते.

बसवराजने सगळं ऐकून घेतलं. फोनचं कल्लाप्पाने लिहून दिलं हे ऐकून नुसती मान हलवली. रागावला तो दुसऱ्याच गोष्टीवर.

"काच कुटं हाय?"

"गाडीत."

"आना."

कल्लाप्पाने आणली. बसवराजने काचेवर हात फिरवला, डबी उघडून पेस्टचा वास घेतला.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"तुमच्या घरात वाढलो मी. तुमच्या ताटात जेवलो. आयटीआयला पयला आलो तवा तुमी सगळ्या गल्लीला पेढं वाटलं. आणि एवढं दाखवलं न्हाई?" त्याचा आवाज चढला. दारातून त्याची बायको डोकावली आणि आत गेली. "मला दिसत होतं थेंब पडताना. अकरा थेंब, दाजी! बंद करावं वाटत होतं. पण काय करायचं ते म्हाईत नव्हतं मला. पुस्तकात सील बदला म्हणून हाय, वैद्य नको म्हणत होता, मालक तर देणारच नव्हता. ही काच ठावी असती तर एका दुपारचं काम होतं. का न्हाई दाखवलं?"

कल्लाप्पाकडे उत्तर होतं. ते सांगायला अवघड नव्हतं, ऐकायला अवघड होतं. "मला वाटायचं, हे एक तरी माझ्याकडं ऱ्हावं."

बसवराजने काच त्याच्या हातात परत दिली. नीट, दोन्ही हातांनी.

"जावा दाजी," तो म्हणाला. "आज जावा."

"परत येऊ?"

बसवराजने मिक्सर पुढ्यात ओढला.

कल्लाप्पा गाडीत येऊन बसला. कीर्तीने पडद्यावरची यादी त्याच्यापुढे धरली. पुढचं ठिकाण जतच्या बाजूला होतं, त्यानंतर विजापूरच्या रस्त्यावर दोन. एका मालकाने पुढच्या महिन्यात या म्हणून कळवलं होतं. एकाने फोनच उचलला नव्हता.

बसवराजवरचा खटला अजून मागे घेतलेला नाही. यादीतली त्र्याण्णव यंत्रं अजून न उघडता चालू आहेत.